दंड भरावा की दाद मागावी?

लहानसहान बाबतींत मनुष्याच्या सद्सद्विवेकबुद्धीची जितकी पारख होते, तितकी मोठ्या प्रसंगी होत नाही. मोठ्या प्रसंगी आपण सावध असतो. शेजारी, नातलग, मंडळी आपल्याकडे पाहत आहेत हे आपल्याला ठाऊक असते. परंतु बाजारातून पिशवी घेऊन परत यावे तो दुचाकी उचलून नेलेली. किंवा घरी स्वस्थ बसले असता मोबाइलवर संदेश येऊन पडावा, की गाडी मनाई असलेल्या जागी लावली म्हणून अमुक रुपये दंड. अशा वेळी मनात पहिल्याने काय येते? 'इतक्या गाड्यांत माझीच बरी सापडली!' त्यामागून येते, 'आता ह्यातून सुटावे कसे?' माझ्याकडून खरोखर चूक झाली काय, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. वाचकहो, ह्या शेवटच्या प्रश्नाचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

आपल्या मंडळ्यांतून ह्या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे हे प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात शिकविले आहे. तेव्हा ख्रिस्ती मनुष्याने दंड मुकाट्याने भरावा, हुज्जत घालू नये. दुसरे मत असे की, हा सारा तिजोरी भरण्याचा उद्योग आहे. गाडी लावायला जागा द्यायची नाही आणि लावली म्हणून पैसे उकळायचे. अशा अन्यायापुढे मान तुकविणे हा भेकडपणा होय. पहिले मत मांडणारा नम्र दिसतो, दुसरे मांडणारा शूर दिसतो. परंतु एक गोष्ट दोघांनीही विचारलेली नसते. त्या दिवशी, त्या रस्त्यावर, प्रत्यक्षात काय घडले?

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते की, इतरांना धोका, अडथळा किंवा गैरवाजवी त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन ठेवू नये. कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी लावलेले वाहन उचलून नेता येते, आणि त्याचा खर्च मालकाकडून घेता येतो. ज्या अपराधाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्याला कलम १७७ लागते. त्याचा दंड पूर्वी पहिल्या वेळी १०० व पुढील वेळी ३०० रुपयांपर्यंत होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो ५०० व १,५०० रुपयांपर्यंत झाला. कलम २०० प्रमाणे ठरलेली रक्कम भरून प्रकरण तेथेच मिटविता येते. मिटले की पुढे खटला चालत नाही. पुष्कळशी चलने अशीच मिटतात.

ह्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चलन हा निवाडा नव्हे. तो आरोप आहे. पोलिसाने किंवा कॅमेऱ्याने जे पाहिले असे वाटते ते चलनात लिहिलेले असते. ते मान्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे आपले म्हणणे मांडण्याची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. दिल्लीत जुलै २०१९ मध्ये वाहतुकीच्या चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले, व पुढे इतर राज्यांतही तशी न्यायालये निघाली. त्यांत आरोपीपुढे दोन वाटा असतात: गुन्हा कबूल करून दंड भरावा, किंवा आपण खटला लढविणार असे कळवावे. दुसरी वाट धरली की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. तेव्हा दाद मागणे म्हणजे कायद्याशी भांडणे, ही समजूत बरोबर नाही. दाद मागणारा कायद्याच्याच दाराने आत जात असतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे ज्याने लिहिले, त्याच पौलाने स्वतः काय केले? फिलिप्पै येथे त्याला व सीलाला चौकशीवाचून फटके मारून बंदिशाळेत टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा पौल गेला नाही; ज्यांनी उघडपणे मारले त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे तो म्हणाला. यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधले असता, रोमी नागरिकाला न्याय न होता फटके मारणे कायदेशीर आहे काय, असे त्याने शताधिपतीला विचारले. आणि कैसरियात फेस्तापुढे उभा असता त्याने कैसराजवळ दाद मागितली. म्हणजे अधीनता आणि दाद ह्या दोन गोष्टी त्याच्या ठायी एकमेकींच्या वैरी नव्हत्या.

परंतु प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय नीट वाचावा. कैसराचे नाव घेण्याआधी पौल दुसरेच काही बोलला आहे. आपल्या हातून मरणास योग्य असे काही घडले असेल तर आपण मरण टाळू पाहत नाही, असे तो आधी सांगतो. मग म्हणतो की आरोप खोटे असतील तर आपल्याला कोणी ह्यांच्या हाती देऊ शकत नाही; आणि त्यानंतर दाद मागतो. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. दोषी असेन तर शिक्षा सोसायला तयार आहे, हे ज्याला मनापासून म्हणता येते त्याची दाद खरी. जो दोषी असला तरी सुटू पाहतो, त्याच्या तोंडी दादेचे शब्द असले तरी त्याचा हेतू पळून जाण्याचा असतो.

ह्या कसोटीवर नित्याचे तीन प्रसंग घासून पाहू.

पहिला प्रसंग अगदी सरळ आहे. समजा, पाटीवरचा एक आकडा चुकीचा वाचला गेला आणि दुसऱ्याच्या गाडीचे चलन आपल्या नावावर आले. किंवा गाडी विकली, पण नोंदणीत नाव बदललेच नाही, म्हणून नव्या मालकाचा दंड जुन्याकडे आला. पहिल्या उदाहरणात आपण तेथे नव्हतोच. अशा वेळी 'जाऊ दे, कटकट नको' म्हणून पैसे भरणारा मनुष्य जे केले नाही ते केले असे लेखी मान्य करतो. आणि ज्याने रस्ता अडविला तो मोकळा राहतो. येथे दाद मागणे हे सत्य बोलणेच आहे. फोटो पाहावा, नोंदणीपुस्तक काढावे, आणि मुदतीत अर्ज करावा. दुसऱ्या उदाहरणात मात्र थोडे स्वतःकडेही पाहावे लागते. विक्रीची खबर नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे काम कलम ५० ने विकणाऱ्यावरही टाकले आहे, आणि राज्यातल्या राज्यात त्याला चौदा दिवसांची मुदत आहे. ती दिली नसेल तर अर्जात तेही लिहावे.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. आपल्या मंडळ्या ज्या शहरांतून आहेत त्यांचा जुना भाग मोटारीच्या काळाआधीचा आहे. बेळगावची गणपत गल्ली व खडेबाजार, ग्वाल्हेरच्या लष्करातील महाराज बाड्याभोवतीचे रस्ते, बडोद्याची मांडवी, ही ठिकाणे पायी माणसांसाठी नि गाडीबैलांसाठी वसली. तेथे जागा थोडी आणि नियम पुष्कळ. फलक कुठे झाडाआड जातो, कुठे त्यावर जाहिरात चिकटवलेली असते, कुठे खांब वाकून तो दुसरीकडेच तोंड करून उभा असतो. मनाईची खूण तर भाषा न येणाऱ्यालाही कळते: निळ्या वर्तुळाला लाल कड आणि एक तिरपी लाल पट्टी. पण कोणत्या वेळेत मनाई, सम तारखेस कोणती बाजू, हे खाली अक्षरांत लिहिलेले असते, आणि सीमाभागातल्या वा परप्रांतातल्या मराठी माणसाला ती अक्षरे वाचता येतीलच असे नाही. मग फलक दिसला नाही म्हणून दाद मागावी काय?

मागावी, पण आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. फलक स्पष्ट दिसत असता तर मी तेथे गाडी लावली नसती, असे मी देवासमोर म्हणू शकतो काय? म्हणता येत असेल तर अर्ज लिहिण्यास संकोच नको. फलकाचा फोटो जोडावा, गाडी लावली होती हे नाकारू नये, आणि जे घडले ते सरळ लिहावे. परंतु फलक असो वा नसो, रोज तेथेच लावणारा मी, आज फलक वाकलेला सापडला म्हणून आनंदलो असेन, तर तो फलक माझी ढाल होऊ शकत नाही. शिवाय काही ठिकाणी फलकाची गरजच नसते. पादचाऱ्यांची वाट, चौकाचा कोपरा, शाळेचे किंवा इस्पितळाचे फाटक, बसथांबा, आग विझविण्याच्या पाण्याचा नळ, ह्यांच्याजवळ गाडी लावू नये हे १९८९ च्या रस्त्यावरील नियमांतच लिहिले होते, आणि नसते लिहिले तरी शहाण्या मनुष्याला ते कळले असते.

तिसरा प्रसंग मनाला अधिक टोचणारा आहे. गाडी चुकीच्या जागी लावली हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण चलनात वेळ चुकली आहे, किंवा गल्लीचे नाव दुसरेच पडले आहे. कोणी सल्ला देतो, 'लढवा, सहज सुटाल.' कायद्याच्या दृष्टीने आरोप सिद्ध करणे हे आरोप करणाऱ्याचे काम आहे, आणि हे तत्त्व फार मोलाचे आहे. त्याच्यावाचून गरीब मनुष्य कोणाच्याही हाती सापडेल. म्हणून कायद्याने असा मनुष्य सुटला तर न्यायाधीशाला दोष देता येणार नाही. पण आपला विवेक आपल्याला सोडील काय? ज्या रस्त्यात आपली गाडी आडवी होती त्या रस्त्याने त्या दिवशी कोणाला तरी वळसा घालावा लागला. तो वळसा चलनातल्या चुकीने पुसला जात नाही. अशा ठिकाणी दंड भरणे हेच खरे उत्तर होय.

ह्या तीन प्रसंगांपेक्षा दोन वाटा अधिक रुळलेल्या आहेत, आणि त्यांविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक वाट पावतीवाचून पैसे देण्याची. पाचशेची पावती घेण्याऐवजी दोनशे हातात ठेवले की काम भागते. ह्यात दंड टळतो, सत्यही टळते, आणि गणवेशातील एका मनुष्याला आपण पापात लोटतो. घेणाऱ्याला नावे ठेवणारे आपण देणाऱ्याचा हात कोणाचा होता हे सोयीने विसरतो. दुसरी वाट वशिल्याची. कोणी नगरसेवक ओळखीचा, कोणी अधिकारी आपल्याच मंडळीतला. एक फोन केला की गाडी सुटते. पुष्कळ लोक ह्यालाही दाद मागणे समजतात. पण दाद उघड असते, कागदावर असते, आणि तीच वाट रिक्षावाल्यालाही मोकळी असते. वशिला झाकलेला असतो, आणि ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी तो बंद असतो. आपण निर्दोष असलो तरी ओळखीने सुटू नये. कारण तसे सुटलो तर आपले निर्दोषपण कधी सिद्धच होत नाही, आणि चूकही सुधारत नाही.

आणखी एक मोह अलीकडे उभा राहिला आहे. थकलेले दंड गोळा व्हावेत म्हणून राज्य सरकारे मधूनमधून सूट देतात. तेलंगणात मार्च २०२२ मध्ये दुचाकीवाल्यांना थकलेल्या चलनाची चौथाई रक्कम भरून मोकळे होता आले. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये निम्मी रक्कम भरण्याची सवलत मिळाली. लोकअदालतीतही रक्कम कमी होते. अशी सवलत घेण्यात पाप आहे असे म्हणवत नाही. ज्याने दिली त्याला ती देण्याचा अधिकार आहे. पण पुढे सूट मिळेल म्हणून आज दंड थकवून ठेवणे निराळे. वेळेवर पूर्ण भरणारा मनुष्य मूर्ख ठरतो आणि टाळणारा शहाणा ठरतो, ही शिकवण आपल्या घरातून तरी मुलांना मिळू नये. आणि हेही ध्यानात ठेवावे की लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तिचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याला 'मी हे केलेच नाही' असे म्हणायचे आहे त्याने रक्कम कमी होते म्हणून तेथे धाव घेऊ नये. त्याचे खरे म्हणणे तडजोडीत विरून जाते.

येथे कोणी विचारील, निर्दोष असूनही भरणे कधीच योग्य नाही काय? प्रभू येशूने तर मंदिराचा कर भरला. ही शंका रास्त आहे. मत्तयाच्या सतराव्या अध्यायात तो प्रसंग आहे. प्रभूने प्रथम पेत्राला प्रश्न विचारून दाखवून दिले की पुत्रावर हा कर लागू नाही. आणि मग, लोकांना अडखळण होऊ नये म्हणून, दोघांचा कर भरण्यास सांगितले. आधी सत्य उच्चारले, मग हक्क सोडला. तसे आपल्यालाही करता येते. रोजंदारीवरच्या माणसाला न्यायालयाच्या एका तारखेसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. घरी आजारी माणूस असलेल्या बाईला चार फेऱ्या घालता येत नाहीत. पौलालाही दाद मागण्याची किंमत मोजावी लागली. कैसराजवळ दाद मागितली नसती तर ह्याला सोडता आले असते, असे पुढच्याच अध्यायात अग्रिप्पा राजा म्हणतो. ही किंमत प्रत्येकाला झेपणारी नाही. म्हणून त्रास वाचविण्यासाठी ज्याने दंड भरला त्याला आपण दोष देऊ नये. त्याने स्वतः मात्र त्या भरण्याला नम्रता म्हणू नये. आपण सोय पाहिली, असे सरळ म्हणावे. आणि जमल्यास दोन ओळींचा अर्ज तरी द्यावा की अमक्या ठिकाणचा फलक दिसत नाही, तो नीट करावा.

ह्या दोन ओळींच्या अर्जात माझ्या मते मोठा धर्म आहे. ज्याला लिहितावाचता येते, कचेरीत बोलण्याची भीती वाटत नाही, ज्याला एखादी सकाळ मोकळी काढता येते, त्याची दाद त्याच्या एकट्याची राहत नाही. वाकलेला फलक सरळ झाला तर उद्या भाजीची हातगाडी ढकलणारा, शहरात नवीन आलेला, आणि पाचशे रुपयांत आठवडा काढणारा वाचतो. मंडळीतील सुशिक्षित तरुणांनी अशा एखाद्याचा अर्ज लिहून दिला, त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन उभे राहिले, तर तेही सेवेचेच काम होईल. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार अशांना फुकट कायदेशीर मदत मिळू शकते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे कार्यालय असते. ही गोष्ट आपल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे?

दाद मागताना जिभेवर ताबा हवा. उन्हात दिवसभर उभा राहणारा हवालदार हाही आपला शेजारी आहे. त्याची चूक झाली म्हणजे तो लबाड ठरत नाही. अर्जात 'आपल्या नोंदीत चूक झाली असावी' असे लिहिता येते. तेवढ्याने काम होते, आणि कोणाची अब्रू जात नाही.

शेवटी आपल्याच दाराशी यावे लागेल. रविवारी सकाळी आपल्या उपासनामंदिरांसमोरचे रस्ते पाहा. लग्नाच्या दिवशी, नाताळच्या रात्री पाहा. शेजारच्या घराचे फाटक आपल्या गाड्यांनी अडलेले असते, आणि 'तासाभराचा तर प्रश्न आहे' असे आपण म्हणतो. त्या घरातील म्हाताऱ्याला त्याच तासात दवाखान्यात न्यायचे असेल तर? निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या खड्ड्याविषयी नियम आहे: ज्याने खड्डा उघडा ठेवला त्याने, आत पडलेल्या बैलाची भरपाई द्यावी. खड्डा खणणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. त्याने फक्त दुसऱ्याचा विचार केला नव्हता. चुकीच्या जागी लावलेली गाडी हा तसाच उघडा खड्डा आहे. तेथे चलन करण्यास कोणी येत नाही, म्हणून दाद मागण्याचा प्रश्नही उठत नाही. पण शेजाऱ्याची तक्रार नोंदली गेली नाही म्हणजे ती नाही असे नव्हे. पंचमंडळींनी एका बैठकीत हा विषय घ्यावा, जवळच्या शाळेचे पटांगण रविवारी मिळेल काय ते विचारावे, आणि दोन तरुणांना फाटकाशी उभे करावे. तेवढे झाले तर, एरवी खोट्या चलनाविरुद्ध दाद मागण्यास कचेरीत जाताना आपली पावले अडखळणार नाहीत.